भूमिका आंतून कीं बाहेरून?

अभिनय शिकवितां येतो कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे आतां जवळजवळ मिटला आहे. १९५९ सालीं दिल्लीस राष्ट्रीय नाट्यविद्यालय निघालें. पुढें महाराष्ट्रांतील विद्यापीठांनींही नाट्यशास्त्राचे विभाग काढले. आणि आज एखाद्या लहान गांवीं उन्हाळ्याच्या सुटींत अभिनयाचें शिबिर भरलें तर कोणास नवल वाटत नाहीं. नट हा जन्मावाच लागतो असें म्हणणारी पिढी मागें पडली, हें इष्टच झालें. परंतु शिकवितां येतो हें ठरल्यावर काय शिकवावें, हा जो पुढचा व अधिक अवघड प्रश्न, त्याकडे मात्र कोणी फारसें वळलेलें दिसत नाहीं. विशेषतः 'भूमिका उभी करणें' ह्या नांवाखालीं जें कांहीं शिकविलें जातें, त्याची परीक्षा व्हावी तशी झालेली नाहीं. आम्ही कांहीं नाट्यशास्त्राचे पंडित नव्हों. आमचा धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. पण पंचवीस-तीस वर्षें शेक्सपीअर वर्गांत वाचून दाखविणाऱ्या माणसास भूमिका हा विषय अगदींच परका नसतो. निदान तो स्वतःची तशी समजूत करून घेतो.

निमित्त घडलें तें कनेरगांव नाका येथें. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. पैनगंगा जवळच वाहते. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. १९४७ पर्यंत पलीकडे इंग्रजांचा अंमल होता आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत अलीकडे निजामाचा. गांवाच्या नांवास चिकटलेला 'नाका' त्या सरहद्दीची आठवण देतो. आतां राज्य एकच, मध्यें फक्त जिल्ह्याची हद्द. दोन्हीकडच्या बोलींनीं मात्र आपली सरहद्द अजून सोडलेली नाहीं, आणि तिचा आमच्या विषयाशीं काय संबंध तें पुढें येईल. येथील एका शाळेच्या सभागृहांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दहा दिवसांचें अभिनयशिबिर भरविलें होतें. 'शेक्सपीअरचीं पात्रें' ह्या विषयावर एक व्याख्यान द्यावें म्हणून आम्हांस बोलावणें आलें. व्याख्यान तासाभरांत आटोपलें व तें मुलांनीं सोसलें, एवढेंच त्याविषयीं सांगण्यासारखें आहे. पण मुलांचें काम पाहण्याच्या लोभानें आम्ही तेथें पांच दिवस राहिलों.

शिबिराचे संचालक तरुण, नाट्यविद्येची पदवी घेतलेले व कष्टाळू गृहस्थ. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पुढें जो दोष दाखवावयाचा आहे तो त्यांचा नसून पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत आम्हीं शहरांतल्या शिबिरांतूनही पाहिलेली आहे. तिचे टप्पे दोन. पहिल्या टप्प्यांत प्रत्येक मुलानें आपल्या पात्राविषयीं पन्नास प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावयाचीं: पात्राचें वय काय, बालपण कसें गेलें, त्याला भय कशाचें वाटतें, त्याचें गुपित कोणतें, आवडता रंग कोणता. दुसऱ्या टप्प्यांत डोळे मिटून बसावयाचें आणि पात्राच्या दुःखासारखें आपलें स्वतःचें एखादें दुःख आठवावयाचें. तें पुरतें जागें झालें कीं त्याच्या ओघांत पात्राचे संवाद म्हणावयाचे.

वर्गांतील एका मुलाकडे म्हाताऱ्या शेतकऱ्याची भूमिका होती. प्रवेश लहानसा. शेतकरी आडतीवर माल घेऊन आला आहे, दर पडलेला, माल परत नेण्यापुरतें गाडीभाडें खिशांत नाहीं, शेवटीं मिळेल त्या दरानें तो माप घालूं देतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, शेतकऱ्याच्याच घरचा. आम्हीं त्याची वही पाहिली. म्हाताऱ्याचा आवडता रंग 'हिरवा' असें त्यानें लिहिलें होतें. कां, म्हणून विचारतां तो ओशाळून म्हणाला, "सर, काहीतरी लिहावंच लागतंय ना." सबंध वहींत नसलेला खरेपणा ह्या एका उत्तरांत होता.

दुसऱ्या टप्प्याच्या वेळीं तो डोळे मिटून बसला. त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वीं वारला, हें संचालकांस ठाऊक होतें. त्यांनीं अगदीं हळू आवाजांत तो दिवस त्याला आठवावयास लावला. सकाळ होती कीं संध्याकाळ, घरांत वास कसला येत होता, आई कोठें बसली होती. आईचें नांव निघतांच मुलाचा बांध फुटला. त्या रडण्यांतच त्यानें म्हाताऱ्याचे संवाद म्हटले. मुली डोळे पुसूं लागल्या. आमचाही कंठ दाटला. "हाच तो म्हातारा! सांपडला!" असें संचालक मोठ्यानें म्हणाले व टाळ्या पडल्या. आम्हींही त्या वाजविल्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. टाळ्या पडल्या त्या कोणास, हा प्रश्न राहून राहून मनांत येई. त्या म्हाताऱ्यास खचित नव्हे. दर पडलेला म्हातारा आडतीवर चारचौघांत हुंदके देत नाहीं. आम्हीं पाहिला तो बंधूच्या मृत्यूनें व्याकुळ झालेला एक मुलगा. म्हातारा त्या सभागृहांत आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीं तोच प्रवेश पुन्हा करावयास सांगितला तेव्हां मुलास रडूं येईना. तो घाबरला. संचालकांनीं पुन्हा तोच दिवस काढला. पुन्हा तीच सकाळ, तीच आई. तिसऱ्या दिवशीं मुलगा वर्गांत आला नाहीं.

ह्या पद्धतीचें कूळ रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की ह्यांच्यापर्यंत नेऊन भिडवितात. १८९८ सालीं मॉस्को आर्ट थिएटरची स्थापना करणाऱ्यांपैकीं हे एक, आणि विसाव्या शतकांत अभिनयाचा इतका शिस्तवार विचार त्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. पण त्यांच्या नांवावर जगभर जें खपलें त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. भूमिकेचें अंतरंग आणि बहिरंग ह्यांचा विचार त्यांच्या मनांत एकत्र होता. प्रत्यक्षांत अंतरंगाचा भाग इंग्रजींत १९३६ सालीं निघाला, आणि ज्यांत शरीर, आवाज, उच्चार, वेष व लय ह्यांचा विचार आहे तो भाग निघाला १९४९ सालीं. आचार्य स्वतः १९३८ सालींच वारले. मधल्या तेरा वर्षांत इंग्रजी वाचणाऱ्या जगानें अर्ध्यालाच पूर्ण मानलें व भावनास्मृति हीच काय ती सर्व विद्या अशी समजूत रूढ झाली. अमेरिकेंत ली स्ट्रासबर्ग ह्यांनीं तर पुस्तक निघण्यापूर्वींच ह्या एका अंगावर सारा भर ठेवला होता. त्यांच्याच मंडळींतील नटी स्टेला अ‍ॅडलर ह्यांनीं १९३४ सालीं पॅरिस येथें खुद्द आचार्यांची गांठ घेऊन त्यांच्यापाशीं धडे घेतले, व परत येऊन सांगितलें कीं स्वतःचें जुनें दुःख उकरण्यापेक्षां नाटकांतील परिस्थिति आणि नटाची कल्पनाशक्ति ह्यांवर त्यांचा भर आहे. स्ट्रासबर्ग ह्यांस तें मानवलें नाहीं. शिष्यांनीं गुरूस त्याच्याच विद्येंत चुकीचें ठरविण्याचीं उदाहरणें आमच्याही परंपरेंत आहेत, तेव्हां ह्याचें विशेष आश्चर्य नको.

मराठी वाचकास मात्र ह्या तेरा वर्षांची सबब सांगतां येणार नाहीं. के. नारायण काळे ह्यांनीं दोन्ही भाग मराठींत आणले आहेत. पहिला 'अभिनयसाधना' ह्या नांवानें व दुसरा 'भूमिकाशिल्प' ह्या नांवानें. काळे हे १९३३ सालच्या 'नाट्यमन्वंतरा'च्या प्रवर्तकांपैकीं, स्वतः टीकाकार व रंगभूमीचे जाणकार. नट घडण्यास दोन्ही अंगें लागतात हें जाणूनच त्यांनीं हे श्रम घेतले असले पाहिजेत. परंतु शिबिरांतून दाखले निघतात ते पहिल्याचेच. दुसरा भाग ज्यांनीं वाचला असेल त्यांस एक प्रसंग खचित आठवेल. विद्यार्थ्यांस वेष करून कोणतेंही एक पात्र सजवून यावयाचें असतें. कोस्त्या नांवाच्या विद्यार्थ्यास कपड्यांच्या कोठारांत एक विटका, हिरवट-करड्या रंगाचा जुना कोट सांपडतो. कोट मनांत घर करतो, पण तो घालणारा माणूस कांहीं केल्या दिसत नाहीं. शेवटीं रंगभूषा जमेना म्हणून वैतागून तो तोंडाला हिरवट मलम फांसतो आणि रंग पुसूं लागतो. सर्व रंग एकमेकांत कालवतात, चेहरा त्या कोटासारखाच बुरसटलेला दिसूं लागतो, आणि त्याच क्षणीं एक कुजकट, छिद्रान्वेषी टीकाकार त्याच्या अंगांत उभा राहतो. चाल येते, आवाज येतो, दुसऱ्यास घालून पाडून बोलण्याची लकब येते. (टीकाकाराचेंच पात्र निघावें ह्याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें.) ह्या सगळ्यांत त्यानें आपलें एकही जुनें दुःख आठविलेलें नाहीं. बाहेरच्या एका वस्तूनें आंतला दरवाजा उघडला.

आणि पहिल्या भागांत तरी शिबिरांतून चालतें तें आहे काय? तेथें भावनास्मृतीच्या प्रकरणांत, रस्त्यांत ट्रामखालीं सांपडलेल्या एका भिकाऱ्याचा प्रसंग आहे. पाहणाऱ्याच्या मनांत त्याचें चित्र दिवसेंदिवस बदलत जातें, भडकपणा गळून पडतो, आणि कांहीं काळानें जें उरतें तेंच कलेच्या उपयोगी पडतें. काळ हा गाळणीचें काम करतो, असा तेथील अभिप्राय आहे. दोन वर्षांपूर्वींचें बंधुशोक एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनांतून गाळून निघालेलें असतें, असें मानणाऱ्यानें एकतर तें प्रकरण वाचलेलें नाहीं, किंवा त्याच्या घरीं असा प्रसंग आलेला नाहीं.

आमच्याकडे ह्या पद्धतीस एक देशी आधारही काढून देतात. भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांतील सात्त्विक म्हणजेच ही आंतली भावना, असें समीकरण आज वर्गावर्गांतून ऐकूं येतें. हें समीकरण सोयीचें आहे, खरें नाहीं. नाट्यशास्त्रांत हा प्रश्न अगदीं उघड विचारलेला आहे: जो दुःखी नाहीं त्यानें अश्रु कसे आणावे? आणि त्याचें उत्तर, त्यानें आपलें दुःख आठवावें, असें नाहीं. सत्त्व हें एकाग्र झालेल्या मनांतून उपजतें; नट स्वतः सुखी असो वा दुःखी असो, पात्राच्या स्वभावास अनुसरून अश्रु व रोमांच त्याला दाखवितां आले पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सत्त्व ही एकाग्रतेची शक्ति झाली, वैयक्तिक शोकाची ठेव नव्हे.

ह्याचा पुरावा मराठी रंगभूमीच्या इतिहासांत इतका ठळक आहे कीं तो नजरेआड कसा झाला हेंच नवल. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणलें. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तशाही स्थितींत ते उभे राहिले व त्यांनीं भामिनी केली. ही गोष्ट मराठी घराघरांत ठाऊक आहे व ती कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांस ती विद्येचाही दाखला वाटते. भामिनी ही श्रीमंताची लाडकी, तोऱ्यांत वावरणारी मुलगी. स्वतःची भावना हेंच जर नटाचें भांडवल असेल तर त्या दिवशीं बालगंधर्वांचें दिवाळें निघालेलें होतें. मग भामिनी उभी राहिली ती कशावर? महिनोन्महिने तालमींत घोटलेल्या चालीवर, पदराच्या हालचालीवर, मानेच्या वळणावर, आणि सुरावर. बाहेरचें अंग इतकें पक्कें होतें कीं आंत काय जळत आहे ह्याची त्याला वार्ता लागली नाहीं. फ्रेंच पंडित दिदरो ह्यानें अठराव्या शतकांत असें प्रतिपादिलें कीं थोर नट प्रयोगाच्या वेळीं कांहींच अनुभवीत नाहीं, आणि जो अनुभवतो त्याचा प्रयोग एके दिवशीं उत्तम तर दुसऱ्या दिवशीं निःसत्त्व होतो. त्याच्या मताचा पूर्वार्ध आम्हांस मान्य नाहीं; उत्तरार्धाची प्रचीति मात्र कनेरगांवच्या सभागृहांत दोन दिवसांत आली.

आतां त्याच वर्गांतील एका मुलीविषयीं. तिच्याकडे प्रवेश होता तो बसच्या थांब्यावर मुलाची वाट पाहत बसलेल्या म्हातारीचा. डोळे मिटून दुःख आठवण्याच्या परीक्षेंत ही साफ नापास झाली. "मला काहीच आठवत नाही, सर," असें तिनें सर्वांदेखत सांगितलें. 'मोकळी होत नाही' असा शेरा तिच्या नांवावर पडला. तिची आजी गांवांतच राहते असें कळल्यावरून आम्हीं तिला सहज म्हटलें, "आजी करून दाखव पाहूं." ती हसली आणि "उद्या दाखवते" म्हणाली. दुसऱ्या दिवशीं ती आजीचें लुगडें नेसून व आजीची चंची घेऊन आली. जमिनीवर बसली, ती एक पाय मुडपून व एक गुडघा उभा करून. समोरच्या मुलानें ठरलेला प्रश्न विचारला, "आजी, कोणाची वाट बघता?" उत्तर नाहीं. तिनें चंचीचा बंद सोडला, पान काढलें, मांडीवर पुसलें, देंठ खुडला, चुना लावला, सुपारीचें खांड दाढेखालीं धरलें; आणि मग मान वर न करतां म्हणाली, "काहून? तुला काय करायचं हाय?"

सभागृह हंसलें, आणि लगेच गप्प झालें. म्हातारी आलेली होती.

त्या 'काहून'विषयीं आम्हीं तिला मागाहून विचारलें. हा शब्द पलीकडचा, वऱ्हाडचा. अलीकडची माणसें 'काय करू लालास' म्हणतात, पलीकडचीं 'काय करून राहिला' म्हणतात. आणि मुलीच्या इतर सर्व बोलण्यांत 'लालास' होतें. ती म्हणाली, "आजी वाशीमकडची हाय ना सर. लग्न होऊन आली त्याला पन्नास वर्षं झाली. सगळं बोलणं इकडचं झालं, पण राग आला की काहून म्हणते. सासू लई हिणवायची म्हणे त्याच्यावरून." पन्नास प्रश्नांच्या वहींत हें कोठें बसलें असतें? माहेर, सासर, सासूची जीभ, न सुटलेला हट्ट, म्हातारीचें अर्धें चरित्र त्या तीन अक्षरांत होतें; आणि तें मुलीस आंत डोकावून सांपडलें नव्हतें, कान उघडे ठेवून सांपडलें होतें. वाचिक अभिनय म्हणजे स्वच्छ उच्चार आणि आवाजाची फेंक एवढेंच आमच्या शिबिरांतून शिकवितात. डॉ. श्रीराम लागू ह्यांनीं 'वाचिक अभिनय' ह्या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें ह्यावरून तरी त्याची थोरवी ध्यानांत यावयास हवी होती. ह्या सरहद्दीवरच्या मुलांना तर बोलीचा केवढा ठेवा घरबसल्या मिळालेला आहे. पण पहिल्याच दिवशीं त्यांस 'प्रमाण बोला' असें बजावण्यांत आलें होतें.

डॉ. लागूंचें नांव निघालें म्हणून एक कबुली देणें भाग आहे. आमच्या विद्यार्थिदशेंत महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं 'नटसम्राटां'तील एक स्वगत म्हटलें होतें. तें नाटक १९७० सालीं रंगभूमीवर आलें. आमच्या वेळेपर्यंत डॉ. लागूंच्या आवाजाचीं ध्वनिफितीवरचीं आवर्तनें आम्हीं इतकीं केलीं होतीं कीं कोठें श्वास घ्यावा हेंही आम्हांस पाठ होतें. टाळ्या मिळाल्या. पण आप्पासाहेब बेलवलकरांचा एकही श्वास त्यांत आमचा नव्हता, तसा तो बेलवलकरांचाही नव्हता, डॉ. लागूंच्या श्वासाची ती नक्कल होती. बाहेरून भूमिका बांधावी ह्या म्हणण्याचा अर्थ कोणी असा करील तर त्यानें आमच्या त्या पराक्रमाकडे पाहावें. एका नटानें माणसांकडे पाहून जें केलें त्याकडे पाहून दुसऱ्यानें करणें, म्हणजे सांवलीची सांवली काढणें होय.

तालीम देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा संबंध कसा असावा ह्याचें एक जुनें उदाहरण आमच्या धंद्यांतलेंच आहे. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' १८८३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुढें शाहूनगरवासी मंडळींतील गणपतराव जोशी ह्यांनीं त्या भूमिकेंत जी कीर्ति मिळविली ती मराठी नटांस क्वचितच लाभली. गणपतरावांस इंग्रजी येत नव्हतें. 'त्राटिका'कार प्रो. वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनीं ह्या मंडळीस तालीम दिली. आम्हांस ह्यांतील मौज अशी वाटते कीं प्रोफेसरानें नटापाशीं नेलें तें वाक्य. त्याचा अर्थ, त्याचा तोल, कोणत्या शब्दावर वजन पडावें हें. आणि नटानें तें आपल्या देहांत जिरविलें. आमच्यासारख्या वर्गांत पुस्तक वाचणाऱ्यांस एवढें काम अजूनही करतां येईल. पण तसें बोलावणें येत नाहीं, व्याख्यानाचें येतें.

मात्र मुलीच्या प्रवेशाची पुढची हकीकत न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल, कारण ती आमच्या मताविरुद्ध जाते. प्रवेशाच्या अखेरीस शेवटची बस येते व मुलगा तींतून उतरत नाहीं. येथें मुलीपाशीं कांहीं उरलें नाहीं. ती पुन्हा चंची सोडूं लागली, पुन्हा पान काढलें, खोकली, कमरेवर हात ठेवून कण्हली. आणि पाहतां पाहतां म्हातारीचें सोंग झालें. जी लकब पहिल्यानें जिवंत होती तीच तिसऱ्यानें केल्यावर हास्यास्पद दिसूं लागली. नाथांच्या भारुडांतील सोंगांस एवढें चालतें, कारण तेथें सोंगाच्या मागें अभंगवाणीचा अर्थ उभा असतो. नाटकांत तसा आधार नाहीं. येथें संचालकांनीं जें केलें तें मात्र उत्कृष्ट होतें. त्यांनीं तिला तिच्या स्वतःच्या दुःखाविषयीं कांहीं विचारलें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "म्हातारी घरून निघतांना भाकरी किती जणांच्या टाकून आली होती?"

मुलगी थबकली. "दोघांच्या," ती म्हणाली. मग तिनें प्रवेश पुन्हा केला. बस निघून गेल्यावर तिनें चंचीचा बंद बांधला, सोडला, आणि पुन्हा बांधला. बाकी कांहीं केलें नाहीं.

हा प्रश्न अंतरंगाचाच होता, हें आम्ही मान्य करतों. पण तें अंतरंग कोणाचें? म्हातारीचें. ज्या परिस्थितींत ती आहे त्या परिस्थितीचें. स्टेला अ‍ॅडलर पॅरिसहून घेऊन आल्या तें हेंच असावें. मुलीच्या काळजांत हात घालण्याची कोणासही गरज पडली नाहीं. भाकरीची संख्या पुरली. आणि तो प्रश्न विचारणारे संचालक व त्या मुलास आईचें नांव घेऊन रडविणारे संचालक हे एकच होते, म्हणूनच आम्ही दोष माणसाचा नव्हे, पद्धतीचा म्हणतों. उत्तम गोष्ट त्यांना आपोआप सुचली. वाईट गोष्ट त्यांना शिकविली गेली होती. शिक्षकास विद्यार्थ्याच्या शोकावर कोणताही अधिकार पोंचत नाहीं. वैद्य रोग्याचें गळूं फोडतो तो बांधण्याचें सामान जवळ घेऊन. अभिनयाच्या वर्गांत तें सामान कोणापाशीं असतें? त्या मुलास घरीं परतावयाचें होतें, त्याच आईपाशीं. आणि त्या दिवशीं वर्गांत काय झालें हें तो तिला सांगूं शकणार नव्हता.

वही ठेवावयाचीच तर ती वेगळ्या तऱ्हेची ठेवावी. आज अमुक ठिकाणीं अमुक माणूस पाहिला. तो बोलण्यापूर्वीं काय करतो, थांबतो कोठें, हात कोठें ठेवतो, कोणता शब्द इतरांहून निराळा वापरतो. आवडत्या रंगाची चौकशी त्यांत नसली तरी चालेल. गणपतराव बोडसांनीं आपल्या आत्मचरित्रास 'माझी भूमिका' हें नांव दिलें, चिंतामणराव कोल्हटकरांनीं 'बहुरूपी' हें. दुसऱ्या नांवांत आमच्या मतें नटाच्या धंद्याचें वर्णन अधिक नेमकें आहे. बहुरूपी दारांत उभा राहतो तो दुसऱ्याचें रूप घेऊन. त्याच्या घरीं काय झालें आहे हें आपण त्याला विचारीत नाहीं.

निघण्याच्या दिवशीं आम्ही नाक्यावर वाशीमच्या बसची वाट पाहत होतों. तो मुलगा आला. कोणीतरी आम्ही जात असल्याचें त्याला सांगितलें असावें. त्यानें आमची बॅग हातांतून घेऊन बांकावर ठेवली. वर्गास कां आला नाहींस, हें आम्हीं विचारलें नाहीं. दुसरें काय बोलावें हें सुचेना म्हणून विचारलें, "तुझे वडील आडतीवर माप घालतांना कोठें पाहतात रे?"

त्यानें जरा विचार केला. "काट्याकडं नाही बघत, सर. मापाड्याकडं बी नाही. पोत्याकडं बघतेत." मग थांबून म्हणाला, "मापाडी पहिल्या पोत्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ म्हणला की बाबा शेवटच्या पोत्यावर हात ठेवतेत. समदी पोती गेली, तेवढंच राहिलं, तरी हात तसाच. मापाडी म्हणतो, बाबा, हात काढा. तवा काढतेत."

बोलतां बोलतां त्याचा हात आमच्या बॅगेवर गेला होता. पंजा उघडा, बोटें थोडीं फांकलेलीं, दाब नाहीं. गुरांच्या पाठीवर ठेवावा तसा. मान किंचित् खालीं. तो आमच्याकडे पाहत नव्हता. बस आली, वाहकानें घंटी मारली, लोक चढूं लागले. हात तेथेंच होता. आम्हांस म्हणावें लागलें, "हात काढ."